जपानात शेवटचा शब्द कोणाचा?

वाचकहो, जपानात सम्राट आहे, मग तेथे लोकशाही कशी, असे आम्हांस पुष्कळदा विचारले जाते. १८८९ च्या राज्यघटनेत सार्वभौम सत्ता सम्राटाकडेच होती. ३ मे १९४७ रोजी नवी घटना अमलात आली आणि ती सत्ता जनतेकडे गेली. सम्राट आता राष्ट्राचे केवळ प्रतीक आहे.

तेथील संसदेत दोन सभागृहे आहेत. कनिष्ठ सभागृहाचे ४६५ सभासद ४ वर्षांसाठी, तर वरिष्ठ सभागृहाचे २४८ सभासद ६ वर्षांसाठी निवडले जातात. दोन्हीकडे जनताच थेट मत देते. पंतप्रधान मात्र संसद मतदानाने निवडते.

दोन्ही सभागृहांचे एकमत झाले नाही तर? २००७ साली तसेच घडले. वरिष्ठ सभागृहाने इचिरो ओझावांना, कनिष्ठ सभागृहाने यासुओ फुकुदांना निवडले. पंतप्रधान झाले फुकुदा. कारण अशा वेळी कनिष्ठ सभागृहाचाच निर्णय चालतो.

पण त्याच सभागृहाने अविश्वास दाखविला, तर १० दिवसांत मंत्रिमंडळाने राजीनामा द्यायचा, नाहीतर सभागृह विसर्जित करून जनतेपुढे जायचे. म्हणजे शेवटचा शब्द सिंहासनाचा नाही, मतपेटीचा! आमच्या मते लोकशाहीची खरी खूण हीच.