मूत्राशयातली फितुरी

कर्जत-खालापूरच्या दवाखान्यांत हा रुग्ण ओळखीचा आहे: पन्नाशी ओलांडलेला, बिडी ओढणारा, 'लघवी लाल झाली, पण दुखत काहीच नाही' म्हणणारा. त्याला पाच दिवसांचं अँटिबायोटिक मिळतं, लाली थांबते आणि विषय मिटतो. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या गाठीतून येणारं रक्त गोळीविनाही थांबतं, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

मधल्या काळात गाठ स्वस्थ बसत नाही. किल्ल्यातली माणसं फोडावीत तशी ती प्रतिकारपेशी फितवते. मॅक्रोफेज तिच्याच पोषणाला लागतात, नियामक टी पेशी जमू लागतात. गाठीवरचं पीडी-एल1 मारक टी पेशीच्या पीडी-1ला जुळलं, की ती पेशी शत्रू समोर असूनही थंडावते. काही गाठींत तर टी पेशी आत पोचतच नाहीत. टीजीएफ-बीटाच्या प्रभावाखाली गाठीभोवतीच्या तंतुमय उतीत त्या अडकून पडतात, असं 'नेचर'मधल्या 2018च्या अभ्यासात दिसलं. 2023मधला शोध आणखी चमत्कारिक: वाय गुणसूत्र गमावलेल्या मूत्राशयाच्या गाठी टी पेशींना जास्त दमवतात, पण पीडी-1 रोखणाऱ्या औषधापुढे त्याच जास्त नमतात.

या फितुरीवरचा जुना उतारा आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर व्रण ठेवून गेलेला आहे. कॅनडात मोरालेस यांनी 1976 साली मूत्राशयात बीसीजी ही क्षयाची लस सोडून पाहिली. तिच्यातले जिवंत जंतू न्यूट्रोफिल आणि टी पेशींना पुन्हा जागं करतात. गाठ स्नायूत शिरली, की मात्र हा मार्ग बंद होतो. अँटिबायोटिकच्या तीन फेऱ्यांत नेमकी हीच संधी निसटू शकते.

बिडी विचारली जाते, काम क्वचितच. 1895 साली रेन या जर्मन शल्यविशारदाने रंग-कारखान्यातल्या कामगारांत या गाठी पाहिल्या. रसायनी-पाताळगंगेचा पट्टा दाराशी असताना रंग, रबर, अमाइन्स यांची चौकशी केसपेपरवर हवीच. निवृत्त माणसाचीसुद्धा, कारण रोग उगवायला दशकं लागतात.

आणखी एक. खारघर किंवा परळहून पीडी-1 रोखणारी इम्युनोथेरपी घेऊन लोकलने घरी परतलेला रुग्ण काही आठवड्यांनी जुलाबाची तक्रार घेऊन आला, तर 'बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून बोळवण करू नये. मोकळ्या सुटलेल्या टी पेशी आतड्यावरही उलटतात. त्याच दिवशी त्याच्या कर्करोगतज्ज्ञाला फोन करावा आणि स्टेरॉइडचा निर्णय त्यांच्याशी बोलूनच घ्यावा.