सोनोग्राफीचा प्रोब जबड्याखालीही फिरावा

ज्वारीची भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय गिळत नाही, अशी तक्रार घेऊन पन्नाशीजवळ आलेली बाई दवाखान्यात गेली, की मराठवाड्यात तिला मिळणारे उत्तर ठरलेले असते : ऊन फार आहे, पाणी जास्त प्या. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, ती धूळ. वसमतकडे हळद काढणीचे दिवस असतील तर हळदीची धूळ. दात एकामागून एक किडले तर दंतवैद्याकडे जायचे आणि सांधे दुखले तर ते वयाचे दुखणे. या साऱ्या तक्रारी एकाच आजाराच्या असू शकतात, हे कळेपर्यंत कधी कधी काही वर्षे निघून गेलेली असतात.

हा आजार म्हणजे शोग्रेन. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात. पूर्वी त्याला ‘सिंड्रोम’ म्हणत. अलीकडे जगभरच्या तज्ज्ञांनी तो शब्द वगळून सरळ ‘शोग्रेन डिसीज’ म्हणावे असे सुचवले आहे, कारण ‘सिंड्रोम’ म्हटले की तो किरकोळ कोरडेपणा वाटतो. तो किरकोळ नाही. फुप्फुसे, नसा, मूत्रपिंडे यांपर्यंत तो पोहोचू शकतो.

निदानासाठी आज जे २०१६ चे आंतरराष्ट्रीय निकष वापरले जातात, त्यांत सर्वाधिक गुण दोन गोष्टींना आहेत : रक्तातील ‘अँटी-रो’ प्रतिपिंड आणि खालच्या ओठाच्या आतून घेतलेला लहानसा तुकडा. सेनगाव किंवा औंढ्याच्या रुग्णासाठी या दोन्ही गोष्टी गावापासून लांब. तुकडा घेणारा हात हवा आणि तो वाचणारा पॅथॉलॉजिस्टही हवा.

सोनोग्राफीचे यंत्र मात्र तुलनेने जवळ असते. निरोगी लाळग्रंथी सोनोग्राफीत थायरॉइडसारखी एकसारखी राखाडी दिसते. शोग्रेनमध्ये तिच्यात काळसर, लंबगोल ठिपके दिसू लागतात. बिबट्याच्या कातड्याची उपमा त्यावरूनच आली. कानापुढच्या दोन आणि जबड्याखालच्या दोन अशा चार ग्रंथी पाहून प्रत्येकीला शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. दोन किंवा त्याहून अधिक आली तर संशय बळावतो. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. थायरॉइड पाहण्याचाच प्रोब चालतो.

मग ही तपासणी सांगितली का जात नाही? जिल्हा पातळीवर सोनोग्राफी म्हणजे गरोदरपण, नाहीतर मुतखडा, हे समीकरण पक्के झाले आहे. त्यावर गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याची सावली आहे आणि ती असायलाच हवी. मराठवाड्यातील मुलींच्या घटत्या संख्येचा अनुभव विसरण्याजोगा नाही. युरोपात संधिवाततज्ज्ञ आपल्या टेबलाशेजारच्या लहान यंत्रावर ग्रंथी पाहून घेतात. आपल्याकडे प्रत्येक यंत्राची आणि जागेची नोंदणी लागते. पण त्यासाठी कायदा सैल करण्याची गरज नाही. नोंदणीकृत केंद्रातल्या रेडिओलॉजिस्टने प्रोब मानेवर ठेवायचा आहे, इतकेच. गरोदर महिलेसाठीचा ‘एफ’ फॉर्मही इथे लागत नाही. अडचण कागदाची कमी आणि सवयीची जास्त आहे : पाठवणारा डॉक्टर चिठ्ठीवर ‘लाळग्रंथी’ लिहीत नाही, आणि लिहिले तरी श्रेणी देण्याचा सराव नसतो.

हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एरवी अशा रुग्णाने नांदेड गाठायचे हे गृहीतच असे. नव्या महाविद्यालयात औषधशास्त्र, दंत, नेत्र आणि क्ष-किरण हे विभाग एकमेकांशी बोलतील, तर हा सराव तिथे बसायला फार खर्च नाही.

सोनोग्राफीवर भिस्त मात्र मर्यादितच ठेवावी. २०१६ च्या निकषांत तिला गुण नाहीत. ती जोडल्यास निकष बिघडत नाहीत, एवढे नंतरच्या अभ्यासांत दिसले. आजार नवा असेल तर ग्रंथी स्वच्छ दिसू शकतात. उलट एचआयव्ही, हिपॅटायटिस सी आणि सारकॉइडोसिसमध्येही ग्रंथी बदलतात. मधुमेह, नैराश्यावरची आणि ॲलर्जीची औषधे यांनीही तोंड कोरडे पडते. तोंड जळते आणि नीट उघडतही नाही, तर आधी गुटखा-सुपारीची चौकशी करावी. बंदी २०१२ पासून आहे, तरी ही चौकशी अजून करावी लागते! थोडक्यात, सोनोग्राफीने निदान होत नाही. पुढच्या तपासणीसाठी कोणाला आधी पाठवायचे, ते ठरते.

आणि आधी पाठवण्याला अर्थ आहे. या रुग्णांपैकी शंभरात पाचच्या आसपास जणांना पुढे लिम्फोमा हा कर्करोग होतो, बहुधा लाळग्रंथीतच. एका बाजूची गाठ घट्ट होऊन राहिली तर थांबू नये. दुसरी गोष्ट तरुण स्त्रियांची. अँटी-रो प्रतिपिंड वारेतून बाळापर्यंत जातात, आणि अशा गरोदरपणांपैकी शंभरात एक-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके कायमचे मंदावतात. ते मंद ठोके पोटावरच्या सोनोग्राफीत दिसतात, तेव्हा आईचा आजार पहिल्यांदा लक्षात येतो.

तीन महिन्यांहून अधिक काळ रोज तोंड कोरडे पडते का, कोरडा घास पाण्याशिवाय उतरतो का, डोळ्यांत वाळू असल्यासारखे वाटते का, कानापुढे सूज येते-जाते का? ओपीडीतल्या गर्दीतही हे चार प्रश्न विचारायला दोन मिनिटे पुरतात.