फुटणाऱ्या बांबूचा आवाज

चिनी भाषेत फटाक्याला 'बाओझू' म्हणतात. 'बाओ' म्हणजे फुटणे आणि 'झू' म्हणजे बांबू. आजच्या फटाक्यात बांबू औषधालाही सापडत नाही. कागदाच्या नळीत दारू ठासून तो तयार होतो. शब्दाने मात्र बांबूची साथ सोडलेली नाही, कारण ही प्रथा बंदुकीच्या दारूहूनही जुनी आहे. नववर्षाच्या दिवशी कोंबडा आरवताच उठावे, अंगणात बांबू जाळावा आणि तडतडणाऱ्या पेरांच्या आवाजाने अमंगळाला पळवून लावावे, अशी नोंद सहाव्या शतकातील चिनी ग्रंथात आहे. पुढे दारू आली, कागद आला, माळा आल्या. अंगण आणि श्रद्धा तीच राहिली.

हा शब्द सम्राटांच्या राजवटींत टिकला. 1966 नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत जुन्या चालीरीती मोडून काढण्याचा विडा उचलला गेला, तेव्हाही तो मेला नाही. बीजिंगने 1993 साली शहरात फटाक्यांवर बंदी घातली. ती पाळवून घेता येईना, तेव्हा 2005 साली सैल करावी लागली. पुढे धूर आणि प्रदूषणाचे कारण देऊन शहराच्या पाचव्या वर्तुळमार्गाच्या आत पुन्हा पूर्ण बंदी आली.

धूर खरा आहे, भाजलेले हातही खरे आहेत. नियम हवेतच. प्रश्न एवढाच आहे की, नियम कोणासाठी? फेब्रुवारी 2009 मध्ये बीजिंगमध्ये सरकारी दूरचित्रवाणीच्या संकुलातील एक नवी उत्तुंग इमारत जळाली आणि एका अग्निशामक जवानाचा बळी गेला. ती आग कोणा गृहस्थाच्या अंगणातील माळेने लागली नव्हती. त्या संस्थेनेच विनापरवाना केलेल्या आतषबाजीची ती करणी होती. 4 फेब्रुवारी 2022 रोजी, चिनी नववर्षाच्या अवघ्या चौथ्या दिवशी, हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला बीजिंगचे आकाश सरकारी दारूकामाने उजळले. त्याच शहरात सामान्य माणसाच्या दारातील माळेला मात्र मनाई होती! शासनाचा धूर सुगंधी आणि प्रजेचा तेवढा विषारी, असे कोणते शास्त्र सांगते?

अखेर डिसेंबर 2023 मध्ये तेथील राष्ट्रीय विधिमंडळाच्या कायदेविषयक आयोगालाच सांगावे लागले की, स्थानिक शासनांनी घातलेली सरसकट बंदी देशाच्या कायद्याशी सुसंगत नाही. जे सर्वसामान्य चिनी माणसाला केव्हाच कळले होते, ते आयोगाला उमगायला इतकी वर्षे लागली.

वेळ ठरवा, जागा ठरवा, घातक माल जप्त करा. समंजस समाज ते मान्य करील. बांबूकडून कागदाकडे तो स्वतःहूनच आला होता, उद्या आणखी निर्धोक साधनाकडेही जाईल. पण सणाचा आवाज घराघरांतून काढून घ्यायचा आणि तोच सरकारी सोहळ्यासाठी राखून ठेवायचा, याला पर्यावरणरक्षण म्हणत नाहीत. सण सत्तेच्या मालकीचा नसतो. तो अंगणाचा असतो. 'बाओझू' हा शब्द दीड हजार वर्षांनंतरही हेच बजावतो आहे.