अर्धे सरकारचे, अर्धे तुमचे. पण बाईचे अर्धे आहे कुठे?

'जुळते अनुदान' हा शब्द कानाला मोठा गोड लागतो. तुम्ही एक पाऊल टाका, सरकार एक टाकील. प्रयोगशाळेत किंवा शेतावर सिद्ध झालेली कल्पना बाजारात न्यायची तर पैसा लागतो, छोट्या उद्योजकाला बँक दारात उभी करत नाही, म्हणून अर्धा भार सरकारने उचलायचा. यात वाईट ते काय? कोकणात गेली काही वर्षे बचतगटांबरोबर काम करताना माझे मत असे झाले आहे, की ही अर्ध्या-अर्ध्याची अटच बायांना उंबऱ्यावरून परत पाठवते. आणि ती सगळ्यांना सारखी लागू आहे म्हणून तिच्याविरुद्ध कुणी ओरडतही नाही.

ही कल्पना आली कुठून ते पाहू. अमेरिकेत १९८२ साली कायदा झाला. मोठ्या केंद्रीय खात्यांनी आपल्या संशोधनखर्चातला ठराविक वाटा छोट्या कंपन्यांसाठी राखून ठेवायचा. हा वाटा वाढत वाढत २०१७ साली ३.२ टक्क्यांवर गेला. पहिल्या टप्प्यात कल्पना चालते का ते पाहायचे, दुसऱ्यात ती उभी करायची, तिसऱ्यात बाजार. आणि या तिसऱ्या टप्प्याला या योजनेतून पैसा नाही. ती दरी बुजवायला केंटकी, नॉर्थ कॅरोलायना अशा राज्यांनी २००५-०६ च्या सुमारास स्वतःची जुळती अनुदाने सुरू केली. इथे नीट लक्ष द्या मैत्रिणींनो. तिथे जुळवते कोण? राज्य सरकार. केंद्राने कंपनीला दिलेल्या रकमेवर राज्य आपली भर घालते. (स्त्रियांच्या कंपन्यांचा वाटा तिथेही तोकडाच आहे, तेव्हा तिकडे सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही.)

आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये जवळजवळ त्याच नावाची योजना आणली. नाव आले, पण जुळवणी उलटी झाली. इथे कंपनीने आपला वाटा घालायचा. १९९६ पासूनचे तंत्रज्ञान विकास मंडळ प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंत सवलतीचे कर्ज देते. उरलेले निम्मे तुम्ही उभे करा. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजूर केलेली संशोधन-विकास-नवोन्मेष योजना तर एक लाख कोटींची, पण तीही निम्म्यापर्यंतच, आणि अनुदान नव्हे, कर्ज किंवा भागभांडवल. खालच्या अंगाला, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली आलेल्या योजनेत ३५ टक्के अनुदान, किमान १० टक्के स्वहिस्सा आणि बाकीचे बँकेचे कर्ज असा हिशेब होता. दहा टक्के म्हणजे काय मोठे, असे कुणी म्हणेल. पण उरलेल्या कर्जासाठी बँक कागद मागते, आणि खरी कहाणी त्या कागदांपाशी सुरू होते.

आमच्या भागातल्या एका गटाचे सांगते. रातांबे उतरतात एप्रिल-मेमध्ये. साल रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, तेव्हा कुठे आमसूल तयार होते. नेमका त्याच वेळी वळीव येतो आणि माल बुरशीने जातो. या बायांनी जुने पत्रे, काचा आणि चुलीची वाया जाणारी ऊब यांची सांगड घालून वाळवणीची खोली केली. दोन हंगाम चुकतमाकत तिचे माप बसवले. कुठल्या थरात किती तास, मीठ किती, रसाची पुटे किती, सगळे एका वहीत आहे. एका कृषी महाविद्यालयातल्या मुलांनी येऊन ओलाव्याची मोजणी केली, निष्कर्ष चांगले आले. आता खोली मोठी करून माल शहरात पाठवायचा होता. आम्ही अर्ज घेऊन कचेरीत गेलो. पहिलाच प्रश्न, "तुमचा हिस्सा?" बायांनी सांगितले: दोन हंगामांची मजुरी, वाया गेलेला माल, खोलीचे साहित्य. साहेब हसले. "हे धरता येत नाही. खात्यातली शिल्लक दाखवा." बँकेत गेलो, तर सातबारा आणि नवऱ्याची संमती. २०१० सालीच रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म-लघु उद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका असे बजावले आहे, हे मी दाखवले. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, समजून घ्या." एकीचा नवरा बोलून गेला, "माझ्या सातबाऱ्यावर बोजा चढवायचा तर मशीन माझ्या नावावर." त्याच्या दृष्टीने त्याचे बरोबरच होते. सरकारनेच त्याला ही किल्ली दिली आहे.

हा सातबारा बाईच्या नावावर का नाही? मुलींना वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. आणि तरी २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटदारांमध्ये स्त्रिया होत्या सुमारे १४ टक्के. हक्क कायद्यात आहे, पण तलाठ्याकडे जाण्याआधी भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो आणि माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. साडीचोळीवर बोळवण होते. तिचे 'अर्धे' तिथेच गेलेले असते. दहा वर्षांनी सरकार तिला विचारते, बाई, तुझा हिस्सा किती?

अधिकाऱ्यांचा नेहमीचा युक्तिवाद असा, की स्वतःचा पैसा गुंतल्याशिवाय जबाबदारी येत नाही. फुकट मिळालेल्याची किंमत नसते. ठीक आहे. पण १९९२ साली नाबार्डने पाचशे गटांपासून बँकजोडणी सुरू केली ती मुळात तारणाशिवाय. ती टिकली आणि देशभर पसरली, कारण हप्ता चुकला तर शेजारणीला तोंड दाखवता येत नाही. ही जबाबदारी नव्हे? आणि श्रम 'धरता येत नाहीत' हे खोटे आहे. पाणलोटाच्या कामांत श्रमदान लोकवाटा म्हणून धरलेच होते. खड्डा खणलेला मोजता येतो, मग दोन वर्षे प्रयोग केलेला का मोजता येत नाही? कारण तो स्वयंपाकघराच्या पडवीत झाला. बाईने केले की ती सवय असते, पदवीधराने केले की संशोधन होते.

केंद्राच्या नव्या योजनेत तर तंत्रज्ञान तयारीच्या नऊ पायऱ्यांपैकी किमान चौथी गाठलेली हवी. ती वही कुठल्या पायरीवर बसते? अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले, पारखले, वाटले. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा मान झाला याचा आनंदच आहे. पण पुरस्कार एकीला मिळतो, योजना हजारोंसाठी असते. आणि शेतकऱ्याला वाणाचा निर्माता मानणारा कायदा याच देशाने २००१ साली केला, त्यात शेतकऱ्याला नोंदणीचे शुल्कही माफ आहे. म्हणजे इच्छा असली की जमते.

स्त्रियांसाठी खास योजना आहेत ना, असे लगेच म्हटले जाईल. महाराष्ट्राने २०२४ मध्ये महिला स्टार्टअपसाठी अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने योजना आणली: एक ते पंचवीस लाख. अट मात्र वर्षाला किमान दहा लाख उलाढालीची. आमसुलाच्या गटाने आधी दहा लाख कमवायचे आणि मग मदत मागायची! अहिल्यादेवींचे नाव वापरताना एवढा तरी विचार व्हायला हवा होता.

आमचे मागणे सवलतीचे नाही. जुळवणी राज्याने करावी, बाईने नव्हे. नाहीतर तिचे श्रम, कच्चा माल आणि प्रयोगाची वही रुपयांत मोजून तिचा हिस्सा धरावा. यंत्र आणि पेटंट गटाच्या नावावर, नवऱ्याच्या संमतीची अट कुठेही नाही.

तोवर प्रत्येक संघटनेने एवढे करावे. आपल्या जिल्हा उद्योग केंद्रात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकावा: गेल्या तीन वर्षांत स्त्रियांचे व बचतगटांचे किती अर्ज आले, किती नाकारले, त्यांपैकी स्वहिस्सा किंवा तारण नाही म्हणून किती, आणि पतीची संमती कोणत्या परिपत्रकाच्या आधारे मागितली. तीस दिवसांत उत्तर द्यावेच लागते. आलेल्या उत्तराची प्रत संपादकांकडे पाठवा, म्हणजे पुढच्या अंकात जिल्हावार तक्ता छापता येईल.