बिनपगारी नोकरीची जाहिरात

पदवी परीक्षांचे निकाल लागले, की वृत्तपत्रांतील छोट्या जाहिरातींच्या स्तंभात एका ठरावीक मजकुराचे पीक येते. नामांकित कंपनीस विविध पदांसाठी मुले-मुली त्वरित पाहिजेत, शिक्षण दहावी ते पदवीधर, अनुभवाची अट नाही, दरमहा अठरा ते पंचवीस हजार, समक्ष भेटा. या मजकुरात कंपनीचे नाव नसते, मालाचे नाव नसते आणि कामाचे स्वरूप तर नसतेच. असतो तो एक दूरध्वनी क्रमांक आणि एखाद्या व्यापारी संकुलातील तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्याचा पत्ता. अलीकडे हाच मजकूर मोबाइलवर येऊन पडतो आणि बसथांब्यांवर चिकटवलेलाही आढळतो. पण त्याची शब्दरचना गेल्या कित्येक वर्षांत फारशी बदललेली नाही. ज्या मजकुराला गिऱ्हाईक मिळते तो बदलण्याचे कारणही नसते.

या पत्त्यावर जाणारा तरुण कोण असतो? लातूर, बीड किंवा परभणीकडून स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आलेला, सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत दोन वर्षे काढलेला आणि आता मेसचे पैसे गावाकडून मागवण्यास संकोचणारा मुलगा हा त्याचा एक नमुना. नाशिक, ठाणे वा नागपूर येथील वाणिज्य पदवीधर मुलगी हा दुसरा. मुलाखत पाच मिनिटांत आटोपते आणि सगळ्यांचीच निवड होते. वस्तुतः शंभरांपैकी शंभर उमेदवार निवडणारी मुलाखत ही मुलाखतच नव्हे, हे एरवी ज्याच्या ध्यानात आले असते, तो निवड झाल्याच्या आनंदात ते विसरतो. दुसऱ्या दिवशी त्याला एका ‘सीनियर’बरोबर ‘निरीक्षणा’साठी पाठवण्यात येते. दुपारपर्यंत चार इमारतींचे जिने चढून झाल्यावर त्याला उमगते, की काम पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, भांड्यांचा संच किंवा इंग्रजी शिकविणाऱ्या पुस्तकांचा गठ्ठा घरोघर जाऊन विकण्याचे आहे. सायंकाळी कार्यालयात टाळ्या वाजतात, ज्याने त्या दिवशी विक्री केली त्याच्या नावाने घंटा होते, आणि सहा महिन्यांत स्वतःची शाखा चालवू लागलेल्या कुणाची तरी कथा ऐकविली जाते. तिसऱ्या दिवशी नमुन्याच्या पिशवीसाठी अनामत मागण्यात येते आणि एका इंग्रजी कागदावर सही होते. जाहिरातीत ‘पद’ होते. या कागदावर सही करणारा मात्र ‘स्वतंत्र व्यावसायिक’ असतो. पगाराचा आकडा त्यात कोठेही नसतो. अठरा ते पंचवीस हजार ही रक्कम म्हणजे, अमुक इतका माल विकला गेल्यास पडू शकणाऱ्या कमिशनचा अंदाज होता, असा खुलासा विचारल्यावर होतो. विचारले नाही तर तेवढाही होत नाही.

दारोदार विक्री करणे हा हलका धंदा आहे, असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांच्या उंबऱ्यावर कासार येत असे, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण येत असे, कल्हईवाला येत असे. त्यांचे गिऱ्हाईक ठरलेले, माल त्यांचा, भाव त्यांनी ठरवावयाचा, आणि कोणत्या आळीत केव्हा जावयाचे हेही त्यांनीच. नफा त्यांचा म्हणून जोखीमही त्यांची, हा व्यवहार सरळ होता. आयुर्विम्याचा एजंट कमिशनवर जगतो. परंतु आपण एजंट आहोत हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, आणि एकदा विकलेल्या पॉलिसीच्या पुढील हप्त्यांवरही त्याला काही कमिशन मिळत राहते. कमिशन ही मोबदला देण्याची एक जुनी व सचोटीची रीत आहे. आक्षेप आहे तो तिला ‘नोकरी’ म्हणून विकण्यास. कारण ‘नोकरी’ या शब्दात महिनाअखेरीचे आश्वासन असते. त्या आश्वासनाच्या भरवशावर मुलगा भाड्याची खोली घेतो आणि वडील गावात चारचौघांना सांगतात.

हा व्यवहार कसा चालतो, ते थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, वस्तूची किंमत १२०० रुपये आहे आणि विक्रेत्याला तिच्यावर १५ टक्के, म्हणजे १८० रुपये मिळतात. नवा मुलगा पहिल्या महिन्यात पाच वस्तू विकतो. त्या कोणाला? मामाला, आत्याला, खोलीमालकाला, शाळेतील जुन्या गुरुजींना आणि मित्राच्या बहिणीला. त्याचे कमिशन झाले ९०० रुपये. बसभाडे, चहा आणि दुपारचे खाणे मिळून रोजचे १०० रुपये धरले, तर २६ दिवसांचा खर्च २६०० रुपये. म्हणजे महिनाभर राबून तो १७०० रुपये स्वतःच्या खिशातून घालतो. वर १५०० रुपये अनामत अडकलेली. दुसऱ्या महिन्यात नातेवाईक संपलेले असतात. खऱ्याखुऱ्या अनोळखी दारांवर मग त्याची कसोटी लागते आणि तो काम सोडतो. ‘विक्रीकला तुला जमली नाही’ असे त्याला सांगण्यात येते, आणि तोही ते खरे मानतो.

आता हाच हिशेब कार्यालयाच्या बाजूने मांडावा. महिन्याला असे ३० तरुण आले, तर त्यांनी विकलेल्या १५० वस्तूंची रक्कम होते १,८०,००० रुपये. त्यासाठी द्यावे लागलेले कमिशन २७,००० रुपये. आणि अनामतीपोटी जमा झालेले ४५,००० रुपये. पगारापोटी खर्च शून्य. म्हणजे वस्तूंवरचा नफा बाजूला ठेवला, तरी मुलांना जेवढे दिले त्याहून अधिक मुलांकडूनच घेतले गेले. पुढील महिन्यात नवे तीस येतात, त्यांचे मामा-आत्या वेगळे असतात. माणसे टिकत नाहीत ही साधारणतः कोणत्याही उद्योगाची डोकेदुखी समजली जाते. येथे माणसे न टिकण्यावरच धंदा उभा आहे. मुलगा वर्षभर राहिला काय आणि पाच आठवड्यांत गेला काय, त्याच्या ओळखीचे वर्तुळ एकदा माल घेऊन गेले, की त्याचे काम झालेले असते. सहा महिन्यांनी शाखाप्रमुख होणारा एखादा खरोखरच निघतो. बाकीच्यांना दाखविण्यासाठी तो लागतोच.

अर्थशास्त्रात मोबदल्याची रीत ही जोखमीच्या वाटणीचीही रीत मानली जाते. वस्तू खपेल की नाही, ही अनिश्चितता एरवी भांडवलदाराने सोसावयाची. कारण ती सोसण्याचे सामर्थ्य त्याच्याकडे अधिक, आणि नफा हे त्या सोसण्याचेच फळ. निव्वळ कमिशनच्या पद्धतीत ही अनिश्चितता अशा माणसाच्या खांद्यावर जाते, की ज्याच्याजवळ पुढच्या आठवड्याच्या जेवणाची तजवीज नाही. तरीही तो ती का पत्करतो? अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लॉटरीचा दाखला देऊन म्हटले आहे, की माणसे लाभाची शक्यता नेहमी फुगवून पाहतात, आणि ज्या वयात व्यवसाय निवडावयाचा त्याच वयात ही फाजील आशा सर्वांत प्रबळ असते. अडीचशे वर्षांपूर्वीच्या स्कॉटिश प्राध्यापकाला जे कळले, ते तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यातील व्यवस्थापकालाही पुरते कळलेले असते.

या फसवणुकीचा एक बळी सहसा मोजलाच जात नाही. तो म्हणजे प्रामाणिक मालक. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की चांगला माल आणि वाईट माल यांतील फरक गिऱ्हाईकाला आधी ओळखता येत नसेल, तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकून लावतो. नोकरीच्या जाहिरातींचेही तसेच झाले आहे. नियमित पगार, प्रवासखर्च आणि वर थोडे कमिशन देऊ इच्छिणारा एखादा कारखानदार ‘विक्री प्रतिनिधी पाहिजेत’ अशी जाहिरात देतो, तेव्हा पोळलेले उमेदवार तिच्याकडे पाठ फिरवितात, आणि ज्यांना दुसरीकडे कोठेच वाव नाही तेवढेच येतात.

कायदा या बाबतीत अगदीच मुका आहे, असे नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या सतराव्या कलमानुसार, कामाच्या नगावर मोबदला असला आणि त्या नगाचा किमान दर ठरलेला नसला, तरी कामगाराला वेळेच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नसे. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतनसंहितेतही हे तत्त्व कायम आहे. संहितेने वेतनाची व्याख्या करताना कमिशनला सामान्यतः वेतनाबाहेर ठेवले आहे, आणि विक्रीवृद्धी कर्मचाऱ्यांचा कामगारांत समावेश केला आहे. म्हणजे मालकाने नेमलेल्या विक्रेत्याला किमान वेतन नाकारण्याची सोय उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली ‘सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस’च्या खटल्यात, नगावर पैसे घेणारे आणि कामास येण्याजाण्यास बरेच मोकळे असणारे शिंपीसुद्धा दुकानाचे कर्मचारी ठरतात, असा निर्णय दिला. तेव्हा ज्याला सकाळी नऊला हजेरी लावावी लागते, ज्याचा भाग आणि भाव दुसऱ्याने ठरवून दिलेला असतो आणि ज्याला सायंकाळी हिशेब द्यावा लागतो, तो ‘स्वतंत्र व्यावसायिक’ कोणत्या अर्थाने, हा प्रश्न न्यायालयापुढे नेण्यासारखा आहे. तो नेणार कोण? पाच आठवड्यांत ९०० रुपये मिळविलेला मुलगा वकिलाची फी देऊन तो नेईल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. त्या इंग्रजी कागदाचा सारा जोर याच हिशेबावर असतो.

ग्राहकाची काळजी मात्र अधिक तत्परतेने घेतली गेली आहे. थेट विक्रीसंबंधी २०२१ साली केंद्राने केलेल्या नियमांनुसार विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि पूर्वसंमतीशिवाय कोणाच्या घरी जाता कामा नये. नियम योग्यच आहे; तो पाळावयाचा झाला, तर दिवसाला साठ दारे ठोठावण्याच्या या धंद्याचा पायाच खचतो. परंतु सोसायटीच्या फाटकावर पहारेकऱ्याची बोलणी खातो तो मुलगा. ज्याने त्याला तेथे पाठविले तो त्या वेळी वातानुकूलित खोलीत असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, पण ती वस्तू व सेवा यांच्यापुरती. साबणाची खोटी जाहिरात तीत बसते. नोकरीची खोटी जाहिरात बसविणे कठीण. नोकरी शोधणारा हा ग्राहकही नाही आणि नेमणूक होईपर्यंत कामगारही नाही. या दोन कायद्यांच्या मधल्या बोळातच हे कार्यालय थाटलेले असते.

येथे एक तुलना अपरिहार्यपणे मनात येते. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. त्या योजनेवर मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावरच मिळते; परंतु दर असे बांधलेले असतात, की साधारण ताकदीच्या माणसाने दिवसभर नीट काम केले तर किमान मजुरी पडावी, आणि काम देता आले नाही तर बेकारभत्ता द्यावा. अंमलबजावणीतील उणिवा सर्वांस ठाऊक आहेत. तरीही दुष्काळी तालुक्यातील निरक्षर मजुराला मापाच्या कामातही तळाची एक पायरी असावी, हे या राज्याने मान्य केले. त्याच मजुराचा पदवीधर मुलगा शहरात येतो तेव्हा त्याच्या पायाखाली ती पायरी नसते.

नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. या जाहिराती छापतात ती वृत्तपत्रेच. त्यांच्या जाहिरात विभागाने मजकूर घेताना, ठरीव पगार किती, तो नसल्यास ‘केवळ कमिशन’ हे शब्द आहेत काय, आणि अनामत घेतली जाते काय, एवढे विचारावयास हरकत नसावी. काही जाहिराती त्यामुळे बुडतील. त्यांच्या पैशाची वृत्तपत्रांना गरज असते, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्याच्या अग्रलेखात बेकारीवर अश्रू ढाळले जातात, त्याच अंकाच्या आतील पानावर बेकारांसाठी सापळा लावलेला असावा, हे शोभत नाही. महाविद्यालयांचे तर अधिकच नवल. ‘कॅम्पस मुलाखती’ झाल्याचा आकडा अहवालात दाखविता यावा म्हणून अनेक ठिकाणी या मंडळींना सभागृह उघडून दिले जाते, प्राचार्य पुष्पगुच्छ देतात, आणि सूचनाफलकावर निवड झालेल्या ऐंशी विद्यार्थ्यांची नावे लागतात. त्यांतील किती जणांना पहिल्या महिन्यात पगार मिळाला, हे विचारण्याची तसदी पुढे कोणी घेत नाही. प्राध्यापकवर्गाने ही विचारपूस स्वतःकडे घ्यावी. ज्या आस्थापनेचे ठरीव वेतन लेखी कळविलेले नाही तिला आवारात प्रवेश नाही, असा ठराव महाविद्यालय विकास समितीच्या एका बैठकीत होऊ शकतो, आणि पुढच्या निकालांच्या हंगामाला अद्याप पुरेसा अवधी आहे.