शिरपूरचे कुलूप

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात शिरपूर (जैन) हे गाव आहे. तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराला १९८१ साली लागलेले कुलूप सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये निघाले. १९८१ साली जन्मलेले मूल तोपर्यंत बेचाळीस वर्षांचे झाले होते. आणि दार उघडल्यावर काही दिवसांतच दिगंबर आणि श्वेतांबर या दोन पंथांच्या लोकांत हाणामारी होऊन देवाच्या दारी पोलीस उभे करावे लागले. कुलूप निघाले, भांडण मात्र तसेच राहिले.

हे भांडण कशाचे होते, हे नीट पाहिले पाहिजे. १९०५ साली दोन्ही पंथांनी पूजेच्या वेळा वाटून घेणारा करार केला. तो टिकला असता तर पुढचे काहीच घडले नसते. पण मूर्तीला दिलेला लेप, त्यावरील कटिसूत्र आणि कच्छोटा यांवरून वाद पेटला आणि १९१० साली अकोल्याच्या न्यायालयात दावा दाखल झाला. तेथून प्रकरण नागपूरला गेले आणि अखेर १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचले. मंदिराचे व्यवस्थापन आणि लेपाचा अधिकार श्वेतांबरांकडे, ठरलेल्या वेळी आपल्या पद्धतीने पूजा करण्याचा अधिकार दिगंबरांना, अशी वाटणी कायम झाली. साम्राज्याच्या राजधानीत बसलेल्या न्यायमूर्तींनी वऱ्हाडातील एका मूर्तीच्या कंबरेच्या दोऱ्याचा निकाल द्यावा, यातील विनोद त्या वेळी कोणाला जाणवला की नाही कोण जाणे!

या साऱ्या खटल्यात श्रद्धेचा प्रश्न एकदाही निकालात निघाला नाही, कारण तो कोणी विचारलाच नव्हता. पार्श्वनाथाची उपासना करून एखाद्याचा राग कमी झाला का, लोभ सुटला का, हे कोणतेही न्यायालय ठरवू शकत नाही. न्यायालयापुढे आले ते किल्ल्या, वेळापत्रक आणि लेप. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर वाद होता ताब्याचा, आणि तोही अपरिग्रह हे व्रत मानणाऱ्या धर्मात. प्रत्येक मताला सत्याची एक बाजू दिसते असे सांगणारा अनेकांतवाद दोन्ही पंथ शिकवतात. परंतु मंदिराच्या उंबरठ्यावर तो उपयोगी पडला नाही. तत्त्वज्ञान साधकासाठी राहिले आणि किल्ली पुढाऱ्यासाठी.

म्हणून सर्व संघटनच वाईट, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. छप्पर गळते, दिव्याला तेल लागते, यात्रेकरूला पाणी लागते. एकट्याच्या ध्यानधारणेने यातले काही होत नाही. वऱ्हाडातच जन्मलेल्या गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या, म्हणजे संघटन केलेच. पण त्यांनी कोणाला शिष्य केले नाही, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. उभारायचे आणि सोडून द्यायचे! संस्थेची मालकी आणि माणसाच्या श्रद्धेची मालकी या दोन्ही गोष्टी नाकारणारा असा नेता विरळा.

दुसरे उदाहरण साने गुरुजींचे. विठ्ठलावर त्यांची भक्ती होती, म्हणूनच मे १९४७ मध्ये अस्पृश्यांना मंदिर खुले व्हावे यासाठी ते पंढरपुरात उपोषणाला बसले. बंद दाराच्या आतले लोकही स्वतःला भक्तच म्हणवीत होते. त्या मंदिरातील बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने रद्द केले, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला २०१४ साल उजाडले. भक्तीला दहा दिवस पुरले, व्यवस्थेला चाळीस वर्षे लागली.

राज्यसत्तेच्या हाती किल्ली दिली की प्रश्न संपतो, हेही खरे नाही. याच जिल्ह्यातील पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे बंजारा माणूस नतमस्तक होतो, तेव्हा तो कोणाचा मतदार नसतो. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तेथील बंजारा वारसा संग्रहालयाचे उद्घाटन झाले आणि पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक झाली. संग्रहालय व्हायलाच हवे होते. त्याचा मुहूर्त मात्र समाजाच्या गरजेने ठरला की निवडणुकीच्या सोयीने, हे विचारण्यात सेवालालांचा अवमान होत नाही.

शिरपूरच्या दाव्यात दोन पंथ पक्षकार होते, म्हणजे व्यवहारात त्यांच्या वतीने बोलणारी मंडळी. दूरवरून आलेली म्हातारी, मग ती कोणत्याही पंथाची असो, त्या कागदपत्रांत कोठेही नव्हती. बेचाळीस वर्षांचे नुकसान तिचे झाले आणि तिचे म्हणणे कोणी ऐकले नाही. मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा १९५० साली आला, तो विश्वस्तांना हिशेब द्यायला लावण्यासाठी. दोन्ही बाजूंच्या धुरीणांनी आता एवढेच करावे: १९१० पासून वकील, प्रवास आणि न्यायालयीन शुल्क यांवर भाविकांच्या वर्गणीतून किती खर्च झाला, तो आकडा मंदिराच्या दारावर लावावा.