पाच हजार पौंडांचा भरवसा

"गाडी पाच हजार पौंड ओढते, ट्रेलर अडतीसशेचा आहे, मग अडचण काय?" अमेरिकेत पहिला ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायला निघालेल्या माणसाच्या कानावर हे वाक्य पडल्याशिवाय राहत नाही. डीलर म्हणतो, शेजारी म्हणतो, आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटलेले, ट्रेलर घेऊन योसेमिटी करून आलेले गृहस्थ तर पैजेवर म्हणतात. गाडी टोयोटा हायलँडर असो, किया टेल्युराइड असो की फोक्सवॅगन ॲटलस, मधल्या आकाराच्या बहुतेक एसयूव्हींच्या माहितीपत्रकात हाच आकडा छापलेला असतो. आकडा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे, आणि माझं भांडण त्या निष्कर्षाशी आहे.

आधी आकडा येतो कुठून ते पाहू. अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने २००८ साली जे-२८०७ नावाचं मानक आणलं आणि टोयोटाने ते सगळ्यांच्या आधी स्वीकारलं. त्यातली गाजलेली परीक्षा ॲरिझोनात डेव्हिस डॅमजवळ होते. भर उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून ११.४ मैलांचा घाट चढायचा आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली येऊ द्यायचा नाही. परीक्षा कठीण आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण या हिशेबात गाडीत माणसं किती धरतात? ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी एक, प्रत्येकी १५० पौंडांचा. मागच्या दोन रांगा रिकाम्या. आपली सहल अशी असते का?

उन्हाळ्यात आपल्याकडे पुण्याहून किंवा नागपूरहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतात. सात आसनांची गाडी घेतलेली असते ती त्यासाठीच. आता ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून चौकटीवरचं पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं लेबल वाचा. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये, असं तिथे लिहिलेलं असतं. हा तुमच्या गाडीचा पेलोड. समजा तो १,३५० आहे. नवरा-बायको ३२०, दोन मुलं १६०, आजी-आजोबा २८०, म्हणजे माणसांचेच ७६० झाले. मागे कूलर, बॅगा आणि कुकर-तवा धरून १५०. भार वाटून देणारी हिच, म्हणजे गाडीच्या मागचा ट्रेलर अडकवायचा जोड, लावली असेल तर तिचे ८०. उरले ३६०.

या ३६० पौंडांत ट्रेलरचा टंग वेट बसवायचा आहे. ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं. दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीतून गाडीच्या हिचवर उभा पडतो आणि तो गाडीच्या पेलोडमध्येच मोजावा लागतो. बारा टक्के धरले तर ३६० पौंडांत बसणारा ट्रेलर निघतो ३,००० पौंडांचा. पाच हजारांतले दोन हजार आजी-आजोबा गाडीत बसताक्षणी गेले. (दोष त्यांचा नाही.)

बरं, तो 'अडतीसशेचा' ट्रेलर तरी खरंच अडतीसशेचा असतो का? ते वजन कारखान्याच्या दारातलं, रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात ३० गॅलन पाणी भरा, २५० पौंड वाढले. गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या ७५, बॅटरी ६०, आणि कपडे, भांडी, खुर्च्या, पाण्याच्या नळ्या, डाळ-तांदूळ यांचे साडेचारशे कुठेच गेले नाहीत. झाले ४,६३५. बारा टक्क्यांनी हिचवर ५५६ पौंड आले. शिवाय गॅसच्या टाक्या आणि बॅटरी बहुधा थेट दांडीवरच बसवलेल्या असतात, म्हणजे भार वाढतो तो नेमका नको तिथे. या वर्गातल्या कितीतरी गाड्यांच्या हिचची स्वतःची मर्यादा ५०० पौंडांची असते. म्हणजे गाडीत एकटा ड्रायव्हर असला तरी हे लग्न जुळत नाही. छापलेले पाच हजार पौंड पदरात पडतात ते टंग वेट बरोबर दहा टक्के राहिला तरच, आणि दहा टक्के ही सुरक्षिततेची खालची कड आहे.

इथे समोरचा पक्ष हसून म्हणतो, "कागद राहू द्या हो. आम्ही ओढलाय. मागे काही आहे हे कळतसुद्धा नाही." यावर एक जुनी गोष्ट सांगतो. १९४७ साली एअरस्ट्रीम कंपनीने जाहिरातीसाठी आल्फ्रेड लेटूर्नर या फ्रेंच सायकलपटूच्या सायकलला आपला ट्रेलर जोडला आणि त्याने तो ओढून दाखवला. फोटो इतका गाजला की ट्रेलर ओढणारा सायकलस्वार हे पुढे कंपनीचं चिन्हच झालं. सपाट रस्त्यावर चाकं असलेली वस्तू ओढणं हे काम सायकलसुद्धा करते. गाडीची कसोटी लागते ती ट्रेलर थांबवताना आणि सरळ रेषेत ठेवताना.

मालट्रक शेजारून ७५ च्या वेगाने जातो तेव्हा काय होतं ते बघा. त्याच्या पुढची हवा आधी ट्रेलरला बाहेर ढकलते आणि ट्रक पुढे सरकला की तोच ट्रेलर आत ओढला जातो. आठ फूट रुंद आणि आठ फूट उंच खोका म्हणजे ६४ चौरस फुटांची भिंत वाऱ्यात उभी केल्यासारखं आहे. कितीतरी गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत या समोरच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा दिलेली असते. ते पान कुणी उघडत नाही. ट्रेलरची शेपटी हलू लागली की गाडीचा मागचा भाग तिच्यामागे जातो. अशा वेळी जोरात ब्रेक दाबणं किंवा स्टीअरिंग उलटसुलट फिरवणं ही हमखास घातक चूक. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टीअरिंग स्थिर धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. गाडी जितकी हलकी आणि तिच्या चाकांमधलं अंतर जितकं कमी, तितका यासाठी मिळणारा वेळ कमी.

टंग वेट कमी करून गणित बसवू पाहणारे शहाणेही भेटतात. "जड सामान मागे टाका, हिचवरचा भार आपोआप कमी." कमी होतो खरा, पण शेपूट हलण्याचं पहिलं कारणही तेच आहे. बैलगाडी भरणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नव्हतं: मागे भार झाला की गाडी उलाळते, पुढे झाला की धुरजड होऊन बैलांच्या मानेवर बसते. हायवेवर दोन्ही चुकांची किंमत फार मोठी आहे. हिचवर भार जास्त होऊन गाडी मागून दबली की पुढची चाकं हलकी होतात, स्टीअरिंग सैल लागतं आणि रात्री समोरचे लोक दिवे मिचकावून शिव्या देतात, कारण तुमचे हेडलाइट त्यांच्या डोळ्यांत गेलेले असतात.

भार वाटून देणाऱ्या हिचचे पट्टे यातला थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर नेतात. चांगली वस्तू आहे. पण तिने लेबलवरचा आकडा वाढत नाही, आणि काही कंपन्यांनी आपल्या एसयूव्हींना ती लावू नका असं स्पष्ट छापलेलं आहे.

युरोपचा दाखलाही नेहमी दिला जातो: तिकडे साध्या मोटारी कॅराव्हॅन ओढतात, मग आपण का नाही? ओढतात, पण जर्मनीत ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत. वेगळी परवानगी घेतली तर १००. तिकडच्या कॅराव्हॅनही हलक्या बांधणीच्या असतात. त्यांचा वेग पाळायचा नाही आणि गाडी मात्र त्यांच्यासारखी जुंपायची, हे चालणार नाही. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना ५५ मैलांचीच मर्यादा आहे. आय-५ वर ती कितीजण पाळतात हे रोज दिसतं.

दुसऱ्या टोकाला पिकअप पंथ आहे. त्यांच्या मते भलामोठा ट्रक नसेल तर ट्रेलरचं नाव काढू नये. हेही मला मान्य नाही. चार दारांचा, चामडी आसनांचा, काचेच्या छताचा मध्यम पिकअप घेतलात तर त्याच्या दारावरचा पेलोड पुष्कळदा आपल्या एसयूव्हीच्याच आसपास निघतो, कारण ती सगळी चैन त्याच पेलोडमधून वजा होते. त्याहून मोठा ट्रक घ्यायचा तर वर्षातल्या चार सहलींसाठी उरलेलं वर्षभर शाळेच्या रांगेत आणि कॉस्टकोच्या पार्किंगमध्ये तो सांभाळायचा. ट्रेलर जड घेतला म्हणून गाडी बदलायची, हा हिशेबच उलटा आहे.

सरळ हिशेब गाडीपासून सुरू होतो. मधल्या आकाराची एसयूव्ही ट्रेलर उत्तम ओढते, फक्त ट्रेलर तिच्या मापाचा हवा. तेरा फुटी फायबरग्लासचा स्कॅम्प रिकामा दीड हजार पौंडांच्या आतबाहेर असतो. छत खाली बसणारे तंबू ट्रेलर वाऱ्याला आडवे येत नाहीत. सोळा-सतरा फुटांचे, एका आसाचे कितीतरी ट्रेलर भरल्यावरही ३,५०० पौंडांत राहतात. दोन मुलांच्या कुटुंबाला ते पुरतात. सहा माणसांना आत झोपायचं असेल तर मात्र नाही, तेव्हा आजी-आजोबांसाठी कॅम्पग्राउंडवरची केबिन घ्यावी आणि शक्य असेल तर त्यांना दुसऱ्या गाडीने न्यावं. पाच हजारांची मर्यादा असलेल्या गाडीसाठी माझ्या मते ट्रेलर भरून चार हजारांच्या वर जाऊ नये. हायलँडरच्या हायब्रिडची मर्यादा मुळातच ३,५०० आहे, तिथे तर आणखी हात आखडता घ्यावा. आणि कोलोरॅडोच्या बाजूला जाणार असाल तर टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी घटते, हेही धरावं. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे.

तेव्हा डीलरकडे जाण्याआधी आपल्या गाडीच्या दारावरचं लेबल आणि हिचची मर्यादा कागदावर उतरवून घ्या. ट्रेलर पाहताना आतला सोफा बघण्याआधी डाव्या बाजूला पुढे चिकटवलेलं लेबल वाचा. रिकामं वजन विचारू नका, भरल्यावरचं कमाल वजन धरा आणि त्याचे बारा टक्के काढा. ट्रेलर घेतलाच असेल तर सगळी माणसं बसवून, टाक्या भरून, एकदा ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर उभे राहा. पावतीवर पुढच्या चाकांचं, मागच्या चाकांचं आणि ट्रेलरचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. आकडे बसत नसतील तर पाण्याची टाकी तिथेच रिकामी करा; पाणी बहुतेक कॅम्पग्राउंडवर मिळतं.